गुणी बाळ की मलूल बाळ?

"सेप्टिक झालं" हा शब्द आपल्याकडे घरोघरी आहे. पोराच्या गुडघ्याला खरचटलं, पू धरला, की आपण म्हणतो सेप्टिक झालं. हळद दाबतो, नाहीतर दवाखान्यात नेऊन पट्टी करून आणतो, आणि आठ दिवसांत विसरूनही जातो. पण कुणाच्या घरी माणूस दगावलं आणि आपण भेटायला गेलो, की तिथेही तोच शब्द कानावर येतो. "काय सांगू बाई, सेप्टिक होऊन गेले. रक्तात विष पसरलं." एका वाचक भगिनीने पत्रात नेमकं हेच विचारलं आहे, की गुडघ्यावरचं सेप्टिक आणि माणूस नेणारं सेप्टिक, हे एकच का? प्रश्न इतका चांगला आहे की आजचं सदर त्यालाच देते. लोणच्याचा मसाला पुढच्या खेपेला.

दोन्ही एकच नाहीत, पण पहिल्याचं दुसरं होऊ शकतं. जखमेत, लघवीच्या मार्गात, फुप्फुसात, बाळाच्या नाळेत, बाळंतिणीच्या गर्भाशयात कुठेतरी जंतू शिरतात. शरीर त्यांच्याशी झुंजतं. ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. ही झुंज त्या जागेपुरती राहिली तर बरं. पण कधी कधी अंगातली प्रतिकारशक्तीच बेताल होते. एका घरात चोर शिरला म्हणून सारी गल्ली काठ्या घेऊन धावून यावी आणि अंधारात चोराबरोबर घरच्यांनाही झोडपून काढावं, तसा हा प्रकार. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब उतरतो, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात. मग मूत्रपिंड, फुप्फुसं, मेंदू यांना पुरेसं रक्तच पोचत नाही. याला डॉक्टर 'सेप्सिस' म्हणतात. पूर्वी साधा सेप्सिस आणि तीव्र सेप्सिस असे दोन भाग करत. २०१६ साली तज्ज्ञांनी ठरवलं, की जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडायला लागले असतील तेव्हाच सेप्सिस म्हणायचं. म्हणजे आता सेप्सिस म्हटला की तो तीव्रच. अवयव न बिघडलेला संसर्ग हा नुसता संसर्ग.

हे दुखणं किती मोठं आहे याचा हिशोब बरीच वर्षं कुणी नीट मांडलेलाच नव्हता. कारण साधं आहे. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिला जातो, मधुमेह लिहिला जातो, नुसता 'ताप' लिहिला जातो. शेवटचा घाव सेप्सिसने घातलेला असतो, पण त्याचं नाव कागदावर येत नाही. २०२०च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जगभराचा अंदाज आला. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख माणसांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख दगावली. जगातल्या दर पाच मृत्यूंमागे एक. त्यात आपल्या देशाचा वाटा सुमारे १ कोटी १३ लाख रुग्णांचा आणि २९ लाख मृत्यूंचा. आणि सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट ही, की जगातल्या त्या रुग्णांपैकी दोन कोटींवर पाच वर्षांच्या आतली लेकरं होती.

म्हणून आधी लेकरांचं बोलू. त्यासाठी लांब जायला नको. आपल्या यवतमाळच्या पूर्वेला चंद्रपूर आणि त्याच्यापलीकडे गडचिरोली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ साली तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. नाव तुमच्या ऐकण्यात असेलच. पण त्यांनी नवजात बाळांचं नेमकं काय केलं, ते आपल्यातल्या पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. ते मुद्दाम सविस्तर सांगते, कारण सेप्सिस कुणाला होतो आणि का होतो हे त्यातून जितकं कळतं तितकं जाड पुस्तकातूनही कळायचं नाही.

त्यांनी ३९ गावं कामासाठी घेतली आणि तुलनेसाठी ४७ गावं वेगळी मोजली. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बाया निवडून त्यांना शिकवलं. त्यांना नाव दिलं 'आरोग्यदूत'. १९९५-९६ साली या बायांनी आधी एवढंच केलं, की बाळंतपणाला हजर राहायचं, मग महिनाभर घरी जाऊन बाळाला पाहायचं, वजन करायचं, ताप मोजायचा आणि लिहून ठेवायचं. वर्षभरात ७६३ बाळांची नोंद झाली. त्यातली जवळजवळ सगळी घरीच जन्मलेली. निम्म्याहून अधिक बाळांना या ना त्या कारणाने औषधोपचाराची गरज पडली. आणि डॉक्टरच्या नजरेखाली किती गेली? शंभरात तीनसुद्धा नाहीत. ४० बाळं महिन्याच्या आत गेली. त्यांतल्या २१ बाळांच्या मृत्यूचं मुख्य कारण सेप्सिस किंवा न्यूमोनिया, म्हणजे जंतुसंसर्ग.

आता ती बाळं दवाखान्यात का गेली नाहीत, याची उत्तरं आपल्यालाही पाठ आहेत. बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. गाडी नाही. पैसा नाही. घरधनी शेतावर. "एवढ्याशा जिवाला कुठे सुया टोचता." या सगळ्या उत्तरांवर चिडून उपयोग नाही हे बंग दांपत्याने ओळखलं. बाळ दवाखान्यात येत नसेल तर दवाखाना बाळाच्या खाटेपर्यंत गेला पाहिजे. म्हणून पुढच्या टप्प्यात आरोग्यदूतांना सेप्सिस ओळखायला आणि उपचार करायला शिकवलं. दवाखान्यात न्या, हे त्या आधी सांगत. आईबाप नाहीच म्हणाले, तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमोक्साझोल देत. खेड्यातल्या बाईने तान्ह्या बाळाला सुई द्यायची, या कल्पनेने त्या काळी भल्याभल्यांच्या भुवया वर गेल्या असतील. पण आकडे पाहा. हे उपचार सुरू होण्याआधी सेप्सिस झालेल्या १६३ बाळांत शेकडा १६.६ दगावली होती. उपचार मिळालेल्या ७१ बाळांत शेकडा २.८. महिन्याच्या आतल्या बाळांचा मृत्युदर त्या गावांत १९९३-९५ मध्ये हजारी ६२ होता, तो १९९७-९८ मध्ये २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५९.६ म्हणजे जवळपास होता तिथेच राहिला. १९९९च्या डिसेंबरमध्ये हे सारं 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११ साली केंद्र सरकारने घरपोच नवजात बालसेवा देशभर सुरू केली. बाळ झाल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तुमच्या दारी येणारी आशाताई, ती याच कामाची लेक म्हणायला हरकत नाही. घरी बाळंतपण झालं असेल तर ती पहिल्या दिवशीही येते.

तेव्हा मैत्रिणींनो, आशाताई आली की चहा पाजून दारातूनच परत पाठवू नका. "सगळं ठीक आहे" म्हणून सह्या उरकू नका. बाळाचं वजन करू द्या, कपडे काढून पाहू द्या.

गडचिरोलीच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे बाळाचा सेप्सिस ओळखण्याची रीत. रक्ताची तपासणी नाही, मशीन नाही. आईला जे दिसतं तेच धरलं. आधी चांगलं रडणारं बाळ आता क्षीण रडतं किंवा रडतच नाही. आधी नीट अंगावर ओढणारं बाळ आता ओढत नाही. हातपाय लुळे पडल्यासारखे वाटतात. सतत उलट्या होतात किंवा पोट फुगतं. अंग हाताला गार लागतं. श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाते. नाळेला पू येतो. या सातांतल्या कुठल्याही दोन खुणा एकत्र दिसल्या, की सेप्सिस समजायचा. पहिल्या दोन खुणा पुन्हा वाचा. दोन्हींत 'आधी' आणि 'आता' आहे. हा फरक कोणत्या मोठ्या डॉक्टरला पहिल्यांदा दिसणार? त्याने बाळ आधी पाहिलेलंच नसतं. तो फरक दिसतो आईला, रात्री दोन वाजता.

आणि इथेच आपल्या घरात घोटाळा होतो. आमच्या मुकुटबनात, आमच्याच गल्लीत, एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ नवव्या दिवसापर्यंत गल्ली डोक्यावर घेणारं. मग एकाएकी घर शांत. मी डबा घेऊन गेले तर आजी कौतुकाने सांगत होत्या, "लेकरू मोठं गुणाचं हाये वो बाई, रडतच नाही." पोरगी मात्र कोपऱ्यात पदराखाली बाळ घेऊन बसलेली. हळूच म्हणाली, "काकू, कालपासून हा ओढतच नाही. तोंडात धरतो आन् सोडून देतो." तळव्याला हात लावला, बर्फ. घरच्यांचं म्हणणं, जावई सिमेंट कारखान्यात पाळीवर आहेत, संध्याकाळी येतील, मग विचारून ठरवू. एकवीस वर्षांची ती पोरगी, एरवी मान वर करून न बोलणारी. उठली, पायात चप्पल घातली आणि म्हणाली, "कोनी आलं तं बरं, नाही तं मी एकटी जातो." मग सगळेच हलले. इथून ग्रामीण रुग्णालय, तिथून रुग्णवाहिकेने जिल्ह्याच्या ठिकाणी, तिथे नवजात बाळांच्या काचेच्या खोलीत पंधरा दिवस. बाळ वाचलं. आता दुडदुडतंय आणि रडण्यात पहिला नंबर. आजी म्हणतात, रड बाप्पा, रड.

रडणं थांबलं, दूध थांबलं, अंग गार पडलं तर बाळ गुणी झालेलं नसतं, मलूल झालेलं असतं. पोट भरून झोपलेलं बाळ तळपायाला टिचकी मारली की कुरकुरतं, तोंड हलवतं, हात आखडतं. मलूल बाळ दमल्यासारखं पडून राहतं. हा फरक सासूबाईंना, आईला, घरातल्या पुरुषमाणसांना आधीच सांगून ठेवा. ऐन वेळी वाद घालायला सवड नसते.

पाचवीला आपण सटवाई पुजतो. पाटा-वरवंटा, दिवा, कोरा कागद, सगळं मांडतो. मला नेहमी वाटतं, ही रीत उगीच पडली नसावी. जगभरात महिन्याच्या आत जाणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बाळं पहिल्या आठवड्यातच जातात. आपल्या आज्या-पणज्यांनी हे मोजलं नव्हतं, पण भोगलं होतं. दिवा लावाच, पण त्या रात्री बाळाचं पोट आणि पावलं हाताने चाचपून पाहा. काखेत थर्मामीटर लावलं तर ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइटच्या दरम्यान असावं. ताप चढणं जसं वाईट तसंच उतरणंही वाईट. आणि श्वास मोजा. स्वस्थ पडलेल्या बाळाचे पूर्ण एका मिनिटात साठ किंवा जास्त श्वास भरले तर ते फार झाले. आमच्या शाळेत आठवीच्या मुलींना मी घड्याळ लावून एकमेकींचे श्वास मोजायला शिकवते. सुरुवातीला नुसतं खिदळतात. पण दुसऱ्या दिवशी घरी जाऊन आजीचे, वासराचे, सगळ्यांचे श्वास मोजून येतात.

धोका सगळ्या बाळांना सारखा नसतो. अडीच किलोच्या आतलं बाळ, दिवस भरायच्या आधी झालेलं बाळ, पाणमोट फुटून फार वेळाने झालेलं बाळ, आईला कळांच्या वेळी ताप असलेलं बाळ, यांच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची. गडचिरोलीत दिसलं तेही हेच, की कमी वजन आणि जंतुसंसर्ग हातात हात घालून येतात तेव्हा बाळ जातं. अशक्त बाळाला उबेत ठेवलं, आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरलं, पहिल्या तासापासून अंगावर पाजलं, तर निम्मी लढाई तिथेच. पहिलं पिवळं चिकाचं दूध पिळून टाकू नका, मैत्रिणींनो. ती बाळाची पहिली लस आहे. आणि मध, गूळपाणी, बाळगुटी, बोटाने चाटवायचं काहीही सहा महिने नको.

आता बाळंतिणीकडे वळू, कारण बाळ झालं की घरातले सगळे डोळे पाळण्याकडे लागतात आणि बाजेवरच्या बाईकडे कुणाचंच लक्ष नसतं. बाळंतपणानंतरचा ताप हा जुना वैरी आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने पाहिलं, की शवविच्छेदन करून तसेच बाळंतपणाला येणाऱ्या डॉक्टरांच्या वॉर्डात बायका पटापट मरतात आणि सुइणींच्या वॉर्डात फार कमी. त्याने डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बायका मरत होत्या, उन्हाळा संपेपर्यंत दोनच्या आसपास आल्या. मोठमोठ्या प्राध्यापकांना ते पटलं नाही. आपले हात घाण आहेत हे कुणाला पटतं? सेमेलवाइस स्वतः १८६५ मध्ये जखम चिघळूनच गेला.

आज बाळंतपणं दवाखान्यात होतात, हात धुतले जातात, तरी धोका संपलेला नाही. सिझेरियन झालेल्या बाईला संसर्गाचा धोका साध्या बाळंतपणापेक्षा पाच ते वीस पट असतो, म्हणून ऑपरेशनच्या वेळी प्रतिजैविकाचं इंजेक्शन देतात. वारेचा तुकडा आत राहिला, रक्त फार गेलं, आधीच अंगात रक्त कमी असलं, तरी धोका वाढतो. लपूनछपून, कुठेतरी अर्धशिक्षित माणसाकडे गर्भ पाडून घेतला तर तो सर्वांत मोठा. १९७१च्या कायद्याने डॉक्टरकडून मान्यताप्राप्त ठिकाणी गर्भपात करून घेता येतो, मग अंधारातला रस्ता कशाला? बाळंतपणानंतर थंडी वाजून ताप आला, ओटीपोट दुखतं, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येतो, टाक्यांतून पू येतो, छाती धडधडते, बोलणं असंबद्ध होतं, तर "वारा लागला", "दूध उतरताना येतो तसा ताप" असं म्हणून वाट पाहू नये. सव्वा महिन्याचा नियम अशा वेळी गुंडाळून ठेवायचा.

घरातल्या बाकीच्यांचं आता थोडक्यात. साठीपुढची माणसं, साखरेचं दुखणं असलेली, मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलेली, कॅन्सरचे उपचार चालू असलेली, बराच काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारी, लघवीची नळी लावलेली, ही सगळी सेप्सिसच्या वाटेवर पहिली. आपल्या भागात पऱ्हाटी उपटल्यावर शेतात खुंट राहतात. साखरेमुळे पायाची जाणीव गेलेली असते, खुंट तळपायात शिरतो आणि मामंजींना ते कळतही नाही. चार दिवसांनी पाय काळानिळा. रोज रात्री त्यांचे तळवे दिव्याखाली पाहण्यात कमीपणा मानू नका, आणि त्यांनीही मानू नये. म्हाताऱ्या माणसाला पुष्कळदा ताप येतच नाही. ती अचानक भ्रमिष्टासारखी बोलतात, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतात, दिवसभर लघवीला जात नाहीत, दम लागतो. आपण म्हणतो, वय झालं. वय एका रात्रीत होत नाही.

आपल्या विदर्भाचं आणखी एक दुखणं म्हणजे सिकलसेल. झरी-जामणीच्या पोडांवर, टोल्यांवर, आणि गावातल्याही अनेक घरांत ते आहे. या मुलांची पांथरी लहानपणीच निकामी होत जाते, आणि काही जंतूंना रक्तातून गाळून काढायचं काम पांथरीचंच. म्हणून सिकलसेलच्या मुलाला चढलेला ताप हा कधीच साधा ताप धरायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टर. लहान वयात रोज पेनिसिलिन देतात ते बंद पडू देऊ नका. न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे, ती चुकवू नका.

आणि पावसाळा सरताना एक करा. गवतात, बांधावर काम करणाऱ्या माणसाला चढता ताप आला, तर काख, जांघ, छातीखालची घडी, कमरेची नाडी बांधतो ती जागा नीट पाहा. विडीने भाजल्यासारखी काळी खपली दिसली तर डॉक्टरला दाखवा. हा स्क्रब टायफस असू शकतो, गवतातल्या बारीक कीटकाच्या चाव्याने होणारा. २०१८ साली नागपूर आणि आसपासच्या विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. त्यावरची डॉक्सिसायक्लिनची गोळी स्वस्त आहे. पण वेळेत ओळखला नाही तर हाच ताप सेप्सिससारखा एकेक अवयव बंद पाडत जातो. बायका लाजेने ती जागा दाखवत नाहीत आणि डॉक्टर घाईत विचारत नाहीत.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय दोन गोळ्या आणायच्या, ताप उतरला की उरलेल्या डब्यात ठेवायच्या आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला द्यायच्या, ही आपली सवय मोडायला हवी. अशाने जंतू औषधाला सरावतात, आणि मग खऱ्या सेप्सिसच्या वेळी डॉक्टरांच्या हातातलं औषध लागू पडत नाही.

उपचारांबद्दल आपल्याला एवढं ठाऊक असलं तरी पुरे, की सेप्सिसचा शॉक असेल तर प्रतिजैविक पहिल्या तासाभरात सुरू व्हावं असं आज तज्ज्ञ सांगतात. मुकुटबनाहून वणी, पांढरकवडा, आणि पुढे यवतमाळ, चंद्रपूर किंवा सेवाग्राम हे अंतर पाहिलं तर तो तास रस्त्यातच जातो. म्हणून घरातला वेळ वाचवायचा. कुणाला विचारायचं, कुणाची गाडी, पैसे कुठल्या डब्यात, लहान मुलं कुणाकडे ठेवायची, हे बाळंतपणाआधी आणि घरात म्हातारं माणूस असेल तर एरवीही ठरवून ठेवा. १०८ला फोन लावला की रुग्णवाहिका येते. बाळंतीण आणि बाळासाठी १०२ची गाडी आहे. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं आणि जाणं-येणं २०११च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर तसं ठणकावून सांगा. दवाखान्यात पोचल्यावर "ताप आहे" एवढ्यावर थांबू नका. केव्हापासून दूध ओढत नाही, शेवटची लघवी कधी झाली, कोणतं औषध दिलं, हे कागदावर लिहून न्या. आणि सरळ विचारा, "डॉक्टर, हा सेप्सिस असेल का?" विचारायला पदवी लागत नाही.

आणखी एक सांगते, मग पत्राचं उत्तर. घरात ताप कुणाचा पाहिला जातो याचा जरा विचार करा. मुलांचा, त्यांच्या बाबांचा, सासऱ्यांचा. आपल्याला कणकण असली तर क्रोसिन घेऊन आपण पोळ्या लाटतो. लघवीला जळजळ होते ती महिनाभर अंगावर काढतो, कारण सांगायची लाज आणि डॉक्टरीणबाई दूर. या जळजळीचा संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत चढतो, आणि कंबर भरून थंडी-ताप येतो तो तिथूनच. गरोदर बाईने तर अशी जळजळ एक दिवसही अंगावर काढू नये.

वणीच्या एका भगिनीने विचारलं आहे, बाळाच्या नाळेला हळद-तेल लावावं की राख, की बाजारातली पावडर? सासूबाई एक सांगतात, शेजारीण दुसरं. ताई, काहीच लावू नका. नाळ कोरडी ठेवा, लंगोट नाळेच्या खाली बांधा, हात लावण्याआधी साबणाने धुवा, आणि येणाऱ्या प्रत्येकीलाही धुवायला सांगा, मग ती बाळाची आत्या का असेना. नाळ बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप गळते. ओढायची नाही. बुडाशी थोडं ओलसर दिसलं तर घाबरायचं कारण नाही. पण पू आला, घाण वास आला किंवा बेंबीभोवतीची कातडी लाल होऊन ती लाली पोटावर पसरायला लागली, तर संध्याकाळपर्यंत थांबू नका.